किंचित

जानेवारी. कायानीतला घोडेस्वारीचा बंदिस्त हॉल,
भुश्शावर अंथरलेला हिरवा गालिचा,
बाहेर उणे एकवीस.
रिंगण क्रमांक चार. मी टंकलेखनिक.
परीक्षक बोलतात, मी उमटवते.
माझं काम एवढंच: कुत्र्यांत जे कमी आहे
ते स्पेलिंग न चुकता लिहिणं.

सकाळपासून सगळ्यात जास्त राबलेला शब्द: किंचित.
शेपूट किंचित सैल.
कान किंचित मोठे, त्यातला डावा किंचित उतावळा.
खालचा एक दात रांग सोडून बाहेर डोकावणारा.
डोळे किंचित फिके, चहात दूध जास्त झाल्यासारखे
(चहाचं माझं. लगेच खोडलं).
गालबोट नसलेलं कुत्रं आज एकच आलं,
तेच चावलं.

गुनेल ओकरब्लूम बाई, आखात ओलांडून आलेल्या,
टेबलाशी वाकताना दर वेळी हलकेच कण्हतात.
त्याची नोंद करायची नसते.

जेवणानंतर सत्तावीस नंबर.
कुउरा, लॅपलंडची केसाळ कुत्री, वय तीन,
रेनडिअर वळणाऱ्यांच्या वंशातली;
तिने रेनडिअर आजवर फक्त ताटात पाहिलंय.
सोबत ओइवा केम्पाइनेन,
एकतीस वर्षं रस्त्यांवरचा बर्फ लोटून निवृत्त झालेला,
लग्नातला कोट कसाबसा बटणं लावून.
आणि दोरीला पोट टेकवून उभी त्याची नात, हिल्मा.

बाईंनी दात पाहिले. बरगड्या चाचपल्या.
फर उलटी फुंकून आतली लोकर पाहिली.
मग खिशातून कागदी रुमाल काढून
नाकावरून एकदाच फिरवला.

रुमालावर करडं.
नाकाच्या डाव्या कडेला
मसुराच्या डाळीएवढा गुलाबी ठिपका.

माझी बोटं कळफलकावर थांबली.
नियम मला पाठ आहे: रंग लावला तर बाहेर.
त्या वाक्यात किंचित कुठेच नाही.
ओइवा ठिपक्याकडे असा बघत राहिला
जणू तो आत्ताच उगवलाय.
दोरीपाशी हिल्माने मूठ पाठीमागे नेली,
पण त्याआधी मला दिसलं होतं
भुवयांच्या पेन्सिलीचं सोनेरी टोपण.

आमच्या शाळेत फोटोवाला यायचा
तेव्हा आई म्हणायची, मान जरा डावीकडे.
माझा वरचा ओठ, जन्मतः दुभंगलेला, टाके घातलेला.
अजूनही प्रत्येक फोटोत मी
चौकटीबाहेरचं काहीतरी निरखतेय.
काय ते कुणी कधी विचारलं नाही.

बाईंनी रुमालाची घडी घातली. मग आणखी एक.
आतल्या खिशात सारली,
बसचं तिकीट ठेवावं तशी.
"लिहा," म्हणाल्या.
"मस्तक देखणं. चाल मोकळी.
स्वभाव..." कुउरा त्यांची बाही चाटत होती,
"स्वभाव निःशंक. नाकावर..."
छपरावरून बर्फाचा थर धडाडून घसरला,
हॉलभरची कुत्री एकदम भुंकली.
ती गप्प होईतो त्या थांबल्या.
"नाकावर रंग अपुरा."

मी विचारलं, किंचित अपुरा?
"नको. नुसतं अपुरा.
आहे ते आहे."

निळी फीत. पाचांत चौथी.
ओइवाने फीत कोटाला लावावी की कुत्रीला
ह्याचा बराच वेळ विचार केला.
हिल्मा गुडघ्यांवर बसली, हातमोज्यावर थुंकली,
आणि नाकावर उरलेलं करडं
घासून घासून पुसू लागली.
कुउरा शिंकली. दोनदा. तिच्या तोंडावर.

संध्याकाळी प्रती काढताना पाहिलं:
सत्तावीस नंबरच्या कागदावर
एका अक्षरावरचे दोन ठिपके द्यायचे राहून गेलेत.
पेन हातात होतं.
झाकण लावलं,
आणि कागद तसाच पाकिटात घातला.