आतल्या अंगाचं गवत

मूतखड्यासाठी पोट तपासलं. खडा निघाला क्षुल्लक,
आणि स्वादुपिंडाच्या शेपटाकडे
सतरा मिलिमीटरची पाणगाठ,
जिच्याबद्दल कुणी काही विचारलंच नव्हतं.

नायमेखनला डॉक्टर आयदोआन
पडद्यावर पेन टेकवून म्हणाल्या,
ही मुख्य नळी, ही फांदी. फांदी फुगलीय.
बहुतेक गाठी माणसाबरोबर म्हाताऱ्या होतात,
थोड्या बिघडतात.
तुमची कुठली, ते आज सांगता येणार नाही.

काढून टाका की, मी म्हणालो.
स्वादुपिंड लगेच रुसतं, त्या म्हणाल्या,
एवढ्याशा डबक्यासाठी त्याला चाकू दाखवू नये.
सहा महिन्यांनी एमआरआय. मग वर्षानं. बघू.

बघू.
अडतीस हिवाळे मी हेच केलं.
वाल नदी चढली की रात्री दोघं दोघं बांधावर,
विजेरी, काठी, आणि आतल्या अंगाचं गवत
कुठे ओलं लागतंय का ते बुटाला विचारत.
न झिरपणारा बांध मी पाहिलेला नाही.
पाणी नितळ असेल तर खुंटी ठोकायची,
वहीत वेळ लिहायची, पुढे निघायचं.
पाण्याबरोबर रेती आली तर मात्र
धावायचं.
नवखी पोरं नितळ झऱ्यावरच पोती टाकायची.
कोर्नेलिस ओरडायचा, बुजवू नका रे,
इथं बुजवाल, तिकडे फुटेल!

मग माझ्या पोटात रेती म्हणजे काय?
डॉक्टर हसल्या नाहीत. बोटं मोजली:
मुख्य नळी रुंदावणं, भिंतीवर घट्ट कोंब,
पिवळे डोळे, गाठीची भराभर वाढ.
तसं दिसलं तर दुर्बीण घालू, सुईनं थेंबभर पाणी काढू,
मग ऑपरेशनचं बोलू.

रात्री तीनला यातलं काही आठवत नाही.

आमच्याकडे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात.
त्यावर साल नसतं,
म्हणून कोर्नेलिस अजून दर मार्चला एका वर्षानं मोठा होतो.
आलेडानं नऊ ऑक्टोबरला लिहिलं: पोट.
वर तिच्या बहिणीचं नाव, खाली शेजाऱ्यांची जुळी.

यंदा चौथी खेप. अठरा.
एक मिलिमीटर म्हणजे मापणाऱ्याचा हात, डॉक्टर म्हणाल्या,
नळी तशीच आहे, पुढच्या वर्षी या.
आलेडा लिफ्टमध्ये रडली,
तिला सतराच हवे होते.

परतताना बस बांधावरून जाते.
ती रुमाल शोधत असते पिशवीत,
मी खिडकीला नाक लावून
उताराचं गवत बघतो,
पगार बंद होऊन नऊ वर्षं झाली तरी.