तोंडी लावणं

पाच वाजता मी शटर अर्धंच वर सरकवते.
कालव्यावरचा उजेड वाकून आत येतो,
काउंटरच्या पत्र्यावर हलत बसतो.
पैसे न देणारं पहिलं गिऱ्हाईक.

मग बाकीचे. मासळीबाजार धुऊन झालेला,
रबरी बुटांना खवले अजून चिकटलेले.
या क्योज्जात अर्धं गाव बोस्कोलो, उरलेलं तिओत्सो,
आडनावाला विचारतो कोण?
इथे माणूस टोपणनावानंच पेला मागतो.

वाइनच्या इवल्या पेल्याला आम्ही म्हणतो ओंब्रा. सावली.
का, ते विचारू नका;
प्रत्येकाच्या आजोबांची गोष्ट वेगळी.
मला एवढंच कळतं, की सावलीत टेकायचं असतं,
बिछाना घालायचा नसतो.

सासू एर्सिलिया, हे दुकान तिचं,
पहिल्याच दिवशी म्हणाली,
“पोट भरायला त्यांच्या घरी चुली आहेत.
आपण भूक नुसती चाळवायची.”
आणि माझ्या हातावर चापट मारून
पावावरचा अर्धा मासा तिनं परत परातीत टाकला.

तर, दोन बोटं रुंद पोलेंटा, निखाऱ्यावर भाजलेला,
त्यावर तेलात घोटून घोटून लोणी केलेला सुका कॉड.
अर्धं उकडलेलं अंडं.
कांद्यात, सिरक्यात, बेदाण्यांत
दोन रात्री मुरलेल्या तारल्या.
आणि उंच पेल्यात ते लालभडक कडू,
फसफसती वाइन, सोडा, बर्फ,
काडीला टोचलेलं एक हिरवं ऑलिव्ह.
पहिल्या घोटाला नवखा तोंड वाकडं करतो.
दुसऱ्याला जीभ जागी होते
आणि शेजारच्याकडे बघते:
काय आहे तोंडी लावायला?

आल्विसे आणि नेरीनो, सख्खे भाऊ.
बापाची नाव विकली तेव्हापासून अबोला. नऊ वर्षं.
हा दाराशी उभा, तो भिंतीशी,
आणि मधोमध मी ठेवते
दोघांत एकच थाळी. मुद्दाम.
हात लांबतात, नजर लांबत नाही.
एकाचा हात मागे गेला
की दुसऱ्याचा पुढे येतो,
एवढी शिस्त त्यांनी नावेवर पाळली असती तर!

नोव्हेंबरातला गुरुवार. धुकं असं
की समोरचा पूल पुसून टाकलेला.
दोघेच आले.
थाळीत शेवटची एक तारली उरली
आणि कुणीच हात पुढे करेना.
पेल्यांतला बर्फ विरघळला.
मी पुसलेलेच पेले पुन्हा पुसत राहिले.

मग नेरीनोनं एका बोटानं
थाळी सरकवली. वीतभर.

आल्विसेनं तारली तोंडात टाकली,
बराच वेळ चावली.
“कांदा करपलाय,” म्हणाला. थाळीला.
“नऊ वर्षं करपतोय,” नेरीनो म्हणाला. भिंतीला.

कांदा माझा होता.
आणि तो करपलेला नव्हता, आजवर कधीच नाही.
एरवी ओलं फडकं तोंडावर फेकलं असतं;
त्या दिवशी गुमान ऐकून घेतलं.

साडेसातला दोघे निघाले,
एक डावीकडे, एक उजवीकडे,
आपापल्या घरच्या गरम सूपाकडे.

शुक्रवारी पुन्हा तेच. हा दाराशी, तो भिंतीशी.
मी थाळी मधोमध ठेवली.
फक्त कांदा, सासूची नजर चुकवून,
मिनिटभर जास्त परतला होता.