शेरा

लाल पेनाने लिहिलं होतं मीच :
'वर्गात फार बडबडतो. पालकांनी भेटावे.'

बुधवारी वडील आले मानखुर्दच्या शाळेत,
रात्रपाळी संपवून, वॉचमनच्या गणवेशातच.
दुसरीच्या बाकात गुडघे मावेनात.

'सुमेध?' ते म्हणाले. 'घरी तर कुजबुजतो नुसता.
एकच खोली. मी दिवसा झोपतो ना.'

मग जरा पुढे वाकून,
उसने पैसे मागावेत तसं :
'बाई, काय बोलतो हो तो?'

मला सांगता येईना.
जूनपासून मी फक्त 'गप्प बस' म्हणत आले होते.

आता मधल्या सुट्टीत
त्याच्या वहीच्या मागच्या पानावर
दोन ओळी उतरवते :
आज म्हणाला, खाडीतले फ्लेमिंगो
एका पायावर झोपतात,
बाबा एका डोळ्यावर.

दुसऱ्या दिवशी खाली सही असते.
कधी सहीशेजारी, बारीक अक्षरात :
'पुढे?'