बळ राहिलंय

कळव्याच्या पुलाखाली यल्लप्पाचं दुकान.
अक्षरामागे चाळीस रुपये, तारखेचे वेगळे.
"नाव सांगा."
हसाजी, मी म्हटलं.
त्यानं पेन्सिल कानावर ठेवली:
"हसायचे का फार?"

हसायचे. पण नावात हसू नाही, यल्लप्पा.
नाव येहेझकेल. देव बळ देईल, असा अर्थ.
कोकणात घाण्यावर बसलेल्या कुणीतरी
ते जिभेवर घोळवून घोळवून मऊ केलं,
हेसकेल, हसकेल,
मग पुढे जी लावून घरचं करून टाकलं.

हसू होतं ते आजोबांच्या नावात.
यित्सहाक: तो हसेल.
कोपरीच्या जकात नाक्यावर कारकून,
उभ्या जन्मात हसले नाहीत.

आणि बाबांच्या अंगात बळ असं नव्हतंच.
बरणीचं झाकण आई उघडायची.
वागळे इस्टेटमध्ये सव्वीस वर्षं स्क्रू मोजले.
हजेरीला एच. आय. वाकरुळकर,
एच म्हणजे हरी असेल, असं साहेब धरून चालला,
बाबांनी दुरुस्त केलं नाही.
पूर्ण नाव वर्षातून एकदोनदाच निघायचं,
टेंभी नाक्याला, सिनेगॉगमध्ये, सेफेरपाशी बोलावताना:
येहेझकेल बेन यित्सहाक!
टोपी सारखी करत ते असे उठायचे
जणू बोलावलंय दुसऱ्याच कुणाला
आणि हे फक्त सोबतीला निघालेत.

सिव्हिलमध्ये शेवटच्या रात्री
त्यांनी माझं मनगट धरलं.
दोन बांगड्या पिचल्या.
नर्सनं एकेक बोट सोडवलं.
हे मी यल्लप्पाला सांगितलं नाही.

सांगितलं एवढंच, कागदावर बोट ठेवून:
ही सहा अक्षरं, उजवीकडून वाचायची.
पहिली चार बळाची, शेवटची दोन देवाची.
खाली मराठीत, हसाजी.
"माणूस एकच ना?"
एकच.
"मग मराठीचे पैसे नकोत."

रविवारी गेले.
त्याची छिन्नी आपल्या सवयीनं
डावीकडून निघालेली.
डाव्या टोकाला दोन अक्षरं, खोल, नीट,
त्यांच्यात पांढरी भुकटी,
पुढे नुसता काळा दगड.

यल्लप्पा तांब्यातलं पाणी ओतत म्हणाला,
"देव झाला, बाई.
बळ राहिलंय.
गुरुवारी या."