रात्री दहाचं ऊन

पुन्ता अरेनासला नाताळ उन्हाळ्यात येतो,
आणि उन्हाळाही कसला, स्वेटर घातलेला.
रात्रीचे दहा वाजले तरी खिडकीत ऊन,
उठतो उठतो म्हणत बसून राहिलेल्या पाहुण्यासारखं.
ऑरिन म्हणतो, बरं आहे, दिवा लागत नाही.
चाळीस वर्षं आयडाहोत बटाटे पिकवले त्यानं,
विजेचं बिल अजून हाडांत आहे.

चौसष्ट पिशव्या भरायच्या होत्या.
मोजे, दोन संत्री, घरून आलेलं पत्र,
आणि माझी बिस्किटं,
जी इथल्या भट्टीनं दर खेपेला खालून काळी केली.
मोजे तीन जोड कमी पडले.
ऑरिननं कपाटातून आपले काढून दिले, कोरे.
(एक जोड कोरा नव्हता.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.)

पोरं एकोणीस-वीस वर्षांची,
गळ्यात टाय, छातीवर नावाची काळी पट्टी,
वाऱ्यात वाकून दारोदार देवाची गोष्ट सांगणारी.
आम्ही दोघं त्यांच्या मागं
गळके नळ, बंद हीटर, दुखऱ्या दाढा घेऊन.
वचनं त्यांच्याकडे, पाना-पकड आमच्याकडे.
असंही मिशन असतं,
निघताना कुणी सांगितलं नव्हतं.

चोवीसला टोंगाचा फिनाऊ दिसेना.
सापडला सामानाच्या खोलीत,
मैद्याच्या पोत्याला टेकून, एवढा थोरला देह,
आणि रडणं लहान पोराचं.
घरचा पहिला नाताळ चुकलेला.
मला अशा वेळी शब्द सुचत नाहीत.
सुरी दिली हातात, बटाटे दाखवले.
म्हटलं, रड, पण सोलत रड.
नऊ किलो सोलले त्यानं.

संध्याकाळी टेकडीवर, दोन्या एडेल्मिराकडे.
अठ्ठ्याऐंशी वर्षांची, चुलीत लाकडं स्वतः सारते.
देवाशी माझं बोलणं नाही, म्हणते,
माझा माणूस समुद्रावर गेला तेव्हापासून.
पण तुम्ही येत जा.
गेल्या वर्षी तिनं कॉफी-दुधातली दारू पुढं केली,
आम्ही नको म्हटलं,
तर महिनाभर रुसली होती.
यंदा त्याच निळ्या पेल्यांत
नुसतं दूध, वर दालचिनी.
म्हणाली, घ्या, तुमच्यासाठी बिनपापाचं.
आम्ही प्यालो.
प्रार्थना करू का, असं ऑरिननं विचारलं नाही.
निघताना तिची लाकडं मात्र फोडून आला.

पंचवीसला आमची दुपार, त्यांची सकाळ.
पडद्यावर बर्फ, अकरा नातवंडं, एक कुत्रा
आणि टेबलापाशी आमच्या दोन खुर्च्या,
त्यांच्यावर कोटांचा ढीग.
धाकटा म्हणाला, तुमची सुट्टी कधी संपणार?
मी हसले. ऑरिनला ऐकू गेलं नाही.
मग पणती दाखवली, चौदा दिवसांची,
कॅमेऱ्याच्या इतकी जवळ
की आम्हाला फक्त तिचा कान दिसला.
लांब पाळीचा, थेट ऑरिनचा.
तेवढ्यात पडदा गोठला.
बराच वेळ तो कान तसाच होता.
ऑरिन त्याच्याकडं तोंड नेऊन
मोठ्यानं बोलत राहिला.
बहिऱ्या माणसांना वाटतं, सगळेच बहिरे.

पोरं जेवून गेल्यावर फिरायला निघालो.
इथं चौकाचौकांत दोर बांधलेले असतात,
वारा माणसाला उचलतो म्हणून.
ऑरिनच्या कानातलं यंत्र वाऱ्यात शिट्ट्या घालतं,
ते तो खिशात टाकतो,
मग आमचं बोलणं हातानं.
एकदा दाबला की हळू.
दोनदा म्हणजे थांब, पायरी आहे.
दोराला धरून आम्ही कोपरा ओलांडला,
ऊन अजून पत्र्यांवर,
आणि त्यानं तीनदा दाबला.
तीनचं काही ठरलेलं नाही.
मी विचारलं नाही,
विचारलं असतं तरी त्याला कुठं ऐकू येणार होतं.

घरी आलो तर सिंकमध्ये
नऊ किलोंची सालं तशीच.
ऑरिननं एक साल खिडकीकडे धरून पाहिली.
म्हणाला, फार जाड काढतो पोरगा.
मग यंत्र कानात घालून
भांडी विसळायला लागला.
सकाळी सहाला कुणाचा तरी नळ होताच.