देतो की

आठवी ब च्या फळ्यावर लिहिलं : ग्लॅडली.
क्रियाविशेषण. म्हणजे आनंदाने.
खिडकीजवळच्या सिद्दव्वानं ओठातल्या ओठात
‘संतोषदिंद’ म्हणून बघितलं
आणि मान हलवली, बसलं म्हणून.

भावकाण्णा उठला. रोप लावून थेट आलेला,
पोटऱ्यांवर चिखल वाळून पांढरा.
‘सर, हे आतनं असतंय, का नुसतं लिवायचं असतंय?’

सोमवारी तो खानापुरात होता, रजिस्टर कचेरीत.
तानूआत्या हलशीहून पहिल्या बसनं आलेली,
ओढ्याकडचे अठरा गुंठे भावाला सोडून द्यायला.
कागद कन्नडात. कारकुनानं भरभर वाचला,
आणि ह्यानं, शाळा शिकलेल्यानं, आत्याला मराठीत सांगितला :
राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, कुणाच्या दडपणाशिवाय.
‘खुशीनं ना बाई?’
‘होय,’ ती म्हणाली,
अंगठ्याची निळी शाई पदराच्या आतल्या बाजूला पुसत.

‘नुसतं होय म्हटली, सर.’

मला कळलं नाही आधी.
मग तो सांगत गेला : त्या रात्री आत्या वस्तीला राहिली,
शेजारची बीबीजान वाटी घेऊन दारात आली,
विरजण आहे काय म्हणून,
आणि आत्या चुलीपुढनं उठायच्या आधीच म्हणाली,
‘देतो की!’
(आमच्याकडं बायकाही देतोच म्हणतात.)
मग साय बाजूला सारून
मधलं घट्ट दही दिलं.

कोशात ग्लॅडलीपुढं
‘की’ नाही.
मी बघितलं, स्टाफरूममध्ये, दोन्ही कोशांत.
-ली आहे, -ने आहे, -दिंद आहे,
मागनं येऊन चिकटणारी शेपटं,
कुठल्याही कागदाला चालणारी.
‘की’ तसा चालत नाही.
कारकुनाला तो टाइप करता आला नसता.

सहामाहीला प्रश्न घातला : ग्लॅडली वापरून एक वाक्य करा.
बत्तीस पोरांनी पाठ केलेलंच लिहिलं,
मी आनंदाने शाळेत जातो.
त्यातली दहा तरी खोटी असणार, गुण द्यावे लागले.
भावकाण्णानं लिहिलं, आत्यानं दही दिलं, ग्लॅडली.
डी दोनदा घातलेला.
मी लाल पेन उचललं
आणि तो दुसरा डी
राहू दिला.