जंगलाचा पडदा

सुगत गेला तेव्हा
नाटक कंपनीचा जंगलाचा पडदा अर्धाच होता.
अंगणात बांबूवर ताणलेला मांजरपाट,
डावीकडे मोह, साग, एक वाकडा बेहडा,
उजवीकडे नुसतं कोरं कापड.
गाडग्यातला सरस घट्ट होऊन बसला होता.

पुण्यानुमोदनाला आलेली माणसं
त्याच पडद्याच्या सावलीत जेवली
आणि जाताना एकेक कारण ठेवून गेली.
पोरगी असंल. परीक्षा असंल.
लय इचार करे बाप्पा, एकटाच बसे.
भांडी विसळत मी ऐकत होते.
मी शिलाईवाली, मला माप कळतं,
एकही कारण त्याच्या अंगाला बसत नव्हतं.

माझ्याजवळ फक्त एक वेळ होती.
रात्रीचे अकरा वाजून चार मिनिटं,
फोनवर त्याचं नाव थरथरतंय
आणि सुईखाली किरम्यांच्या नवरीचं ब्लाउज.
म्हटलं, बाही लावून झाली की करते.
बाही लावून झाली.

मायनं मला विहारात नेलं, जवळजवळ ओढत.
भन्ते म्हणाले, श्वास धरू नको, ढकलू नको,
नाकाच्या दाराशी बस
आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नुसतं बघ.
बसले.
आला. गेला. आला. अकरा वाजून चार.
आला. अकरा वाजून चार.
डोळे उघडले तर शेजारी माय,
गालावरून पाणी चाललेलं, मांडी मोडलेली नाही.
बाहेर चपला शोधताना विचारलं,
"तुले जमते का वो?"
"नाई," म्हणाली, "पन तेवढा वेळ
मी त्याले शिव्या देत नाई."

भादव्यात कंपनीचे घोनमोडे आले.
मंडईला पडदा लागेल, दुसऱ्याकडून करून घेतो म्हणाले.
मी म्हटलं, राहू द्या. का म्हटलं, माहीत नाही.
ब्रश कधी हातात धरला नव्हता.
पहिलं पान भेंडीसारखं आलं,
दुसरं माझ्या कपड्यावरच्या खडूसारखं.
तिसऱ्याला श्वास आत, चौथ्याला बाहेर,
ठरवून नाही,
हात दुखायला लागला म्हणून.
एक दिवस सगळा हिरवा रंग अंगणात ओतून दिला,
दोन दिवस कोंबड्या हिरव्या पायांनी फिरल्या.
पुन्हा सरस शिजवला.
त्याच्या घट्ट नाकझोंबऱ्या वासात
तो मागे उभा असल्यासारखा वाटायचा,
मग फक्त वास वाटायला लागला.
यानं मला रडू आलं, आधीच्यापेक्षा जास्त.

त्याचा शेवटचा फटकारा सापडला,
देठ आहे, पान नाही.
ते मी काढलं नाही.
त्याच्याभोवती सुपाएवढी जागा पांढरी सोडली
आणि पुढच्या झाडाला लागले.

मंडईच्या रात्री, कापलेल्या बांधीत,
धानाच्या खुंटांवर ताडपत्री टाकून
सगळं गाव बसलेलं.
घोनमोडे कानाशी येऊन म्हणाले,
"हे जागा राह्यली काहून?"
पुढच्या रांगेतलं एक पोरगं बोट दाखवून आईला सांगत होतं,
"बोडी हाय ते, पानी पेते वाघ तिथं."
मग विनोदी नट धोतर सावरत जंगलात शिरला,
वाकड्या बेहड्याला सासरा समजून पाया पडला
आणि मी हसले,
मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता.
मायनं वळून बघितलं.
काही बोलली नाही. शेंगा पुढे केल्या.

पहाटे पडदा गुंडाळताना
दवानं माझी पानं ओली झाली होती,
हिरवा रंग तळहाताला लागला.
त्याची पानं कोरडीठक्क.
सरस किती घालायचा, हे त्याला बरोबर माहीत होतं.
विचारायचं राहून गेलं.
आला.
गेला.
टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला,
मी बांबूचं एक टोक धरलं.